निलूफरचं माहेर

शिवणाच्या क्लासमध्ये शिवण कमी होतं आणि किस्से जास्त साठतात. हात गुंतलेले, मान खाली, कुणाच्या डोळ्यांत बघायचं नसतं; मग तोंड आपोआप सुटतं. इथे परदेशात, आमच्या क्रेगीबर्नच्या कम्युनिटी सेंटरमध्ये दर गुरुवारी दुपारी असा क्लास भरतो. देवाची वस्त्रं मशीनवर शिवता यावीत एवढ्यासाठी मी गेले होते. माझ्या दोन्ही बाजूंना दोन इराणी मुली बसल्या. परिसा बावीसची, युनिव्हर्सिटीत शिकणारी, बडबडी. निलूफर एकोणतीसची, वृद्धाश्रमात आजीआजोबांची सेवा करणारी, मोजकं बोलणारी. दोघी मला 'काकू-जान' म्हणतात. जान म्हणजे लाडकी. घरी मला असं कुणी म्हणत नाही, त्यामुळे माझा एकही गुरुवार चुकत नाही.

*

पहिला किस्सा परिसाच्या शाळेचा. शाळेच्या फाटकात एक बाई ओले टिश्यू घेऊन उभ्या असायच्या. कुणी लिपस्टिक लावून आलीय असं वाटलं, की पुसून बघायच्या. परिसाच्या एका मैत्रिणीचे ओठ मुळातच लाल. बाईंनी पुसलं, रंग जाईना. पुन्हा पुसलं, जाईना. तिसऱ्यांदा जोर लावला तेव्हा टिश्यू लाल झाला.

"बघ, निघाली की नाही!" बाई म्हणाल्या.

मैत्रीण म्हणाली, "बाई, तो ओठ निघाला."

परिसा हे सांगताना खूप हसली. आम्हीही हसलो. 

*

हरतालिकेचा माझा निर्जळी उपास. त्या दिवशी नेमका गुरुवार आला. निलूफरने थर्मासमधला चहा पुढे केला, मी हात जोडले. तिने विचारलं कशासाठी. मी सांगितलं, नवऱ्यासाठी. तिने विचारलं, त्याने करायला लावलंय का? म्हटलं, छे, त्यांना आज हरतालिका आहे हेसुद्धा ठाऊक नसेल. आईला करताना बघितलं, आवडलं, तेव्हापासून करते.

तिने मान डोलावली आणि थर्मासचं झाकण लावून टाकलं. दोन तास तीही चहाशिवाय बसली. चहाशिवाय निलूफर म्हणजे काय ते क्लासमध्ये सगळ्यांना माहीत आहे! मी म्हटलं, अगं, तू कशाला तुझ्या नवऱ्यासाठी...

"त्याच्यासाठी नाही," ती म्हणाली, "तुला सोबत."

तिला नवरा आहे हे मला त्या दिवशी कळलं.

*

मग हळूहळू बाकीचं कळलं. नवरा तिकडे इराणात, शिराझला. त्यांच्याकडे लग्न झालेल्या बाईला देशाबाहेर जायचं तर नवऱ्याची परवानगी लागते. त्याने एकदा दिली होती, शिकायला म्हणून. आता हिला घटस्फोट हवाय आणि तो देत नाही. आईला भेटायला ही तिकडे गेली आणि त्याने नुसता एक अर्ज केला, तरी परतीच्या विमानात हिला बसू देणार नाहीत. चार वर्षं झाली, म्हणून ही माहेरी गेलेली नाही.

एका शनिवारी मी तिला जेवायला बोलावलं. आमचे हे आयटीतले. जगातला कुठलाही प्रॉब्लेम म्हणजे कुणीतरी फॉर्म नीट भरला नाही, असं ह्यांचं ठाम मत. वरणभात कालवता कालवता तिला म्हणाले, टेन्शन घेऊ नकोस, परवानगीला काहीतरी अपील असेलच. मला फक्त सांग, तिथली प्रोसेस काय आहे?

निलूफर म्हणाली, "प्रोसेस म्हणजे तोच."

 ह्यांच्या ताटातला कालवलेला भात तसाच राहिला.

*

परिसाचं वेगळंच. तिचे वडील चांगले आहेत, असं ती नेहमी सांगते. त्यांनी कधी हात उगारला नाही. शिकवलं, इथे पाठवलं. विमानतळावर निघताना तिला जवळ घेऊन म्हणाले, तिकडे तू मोकळी आहेस, जे हवं ते कर.

"फक्त फोटो टाकू नकोस," असंही म्हणाले. "काकांना दिसतात."

*

हा किस्सा माझ्या चुकीचा आहे, आणि तो मीच सांगायला हवा.

मार्गशीर्षातल्या गुरुवारांचं उद्यापन होतं. सात सवाष्णी हव्यात. सकाळीच एकीला शिफ्ट लागली, म्हणजे सहाच उरल्या. मी विचार केला, निलूफरचं लग्न झालंय, नवरा हयात आहे, म्हणजे सवाष्णच की! तिला विचारलं, चालेल का? ती आनंदाने आली, चांगला ड्रेस घालून, डाळिंबं घेऊन. पाटावर बसली. मी हळदीकुंकू लावलं, ओटी भरली. वाकून नमस्कार कसा करतात ते तिने बाकीच्यांचं बघून केलं, आणि माझ्या तोंडून सवयीने गेलं, "अखंड सौभाग्यवती भव."

तिने अर्थ विचारला. उद्यापनाच्या दिवशी खोटं कसं बोलायचं? सांगितलं, तुझा नवरा खूप वर्षं जगो आणि तू कायम त्याची राहोस.

तिने ओटीतल्या नारळाकडे बघितलं, मग कलशावरच्या देवीकडे. म्हणाली, "काकू-जान, तिला सांग, हे परत घे."

 मी देवीपुढे हात जोडले आणि मनातल्या मनात म्हटलं, आई, ह्यात काय बसतं काय नाही ते तूच बघ, पण ही पोर म्हणते तसं कर. अजूनही रोज सांगते. ती ऐकेल असं मला वाटतं.

*

फेब्रुवारीत निलूफरच्या भावाचा फोन आला. आई अंथरुणाला खिळली आहे, ताबडतोब निघ. निलूफर दोन दिवस जेवली नाही. मी तिला म्हटलं, आई ती आई, जाऊन ये, पुढचं देव बघेल. असं म्हणाले मी. तिची बॅगसुद्धा मीच भरून दिली.

तिकीट काढण्याआधी तिने भावाला सांगितलं, मला आईला बघू दे. दुपारचे दोन वाजले होते, तिकडे सकाळ. मी शेजारीच बसले होते. स्क्रीनवर आई दिसली, अगदी सुकलेली. फोन भावाच्या हातात, मागे आणखी एक पुरुष उभा. निलूफरने पुटपुटत सांगितलं, हा माझा नवरा. आई म्हणाली, "ये, पोरी, ये." मग तिने मुलाकडे पाणी मागितलं आणि जावयाला खिडकी उघडायला सांगितली. मुलाने फोन उशीला टेकवला. दोघंही पाठमोरे झाले.

आईने पांघरुणातून हात बाहेर काढला. आधी बोट ओठांवर ठेवलं. मग पंजा हलवला, इकडून तिकडे. नको. पुन्हा एकदा, नको.

पाणी आलं. आई पुन्हा मोठ्याने म्हणाली, "ये, पोरी."

निलूफर म्हणाली, "येते, आई."

तिकीट काही काढलं नाही. तेव्हापासून रोज दोन वाजता फोन येतो. रोज आई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणते, ये. रोज ही म्हणते, येते. काल आईचा आवाज जेमतेम निघत होता. भावाने फोन तिच्या तोंडाशी धरला होता.

"ये."

"आलेच, आई," निलूफर म्हणाली.