राऊतसर आणि बिनकामाच्या गोष्टी

राऊतसर गेल्याचा निरोप आला तेव्हा मी वसईतल्या एका छापखान्यात पत्रकाचं प्रूफ वाचत होतो. ‘निरुपयोगी पुढाऱ्यांना घरी बसवा!’ हा माझाच मथळा समोर होता. सर असते तर म्हणाले असते, “घरी बसून काय करतील रे बिचारे?”

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला सर आम्हाला संध्याकाळी इंग्रजी शिकवत, त्यांच्या केळीच्या वाडीतल्या घराच्या ओटीवर. बिनकामाच्या वस्तूला आणि माणसाला इंग्रजांनी किती नावं ठेवली, याचं त्यांना भारी कुतूहल. पांढरा हत्ती, वाळकं लाकूड, गाडीचं पाचवं चाक, चॉकलेटची किटली... “किटली करून बघितली असेल का रे कुणी? पहिला चहा तरी झकास लागला असेल!” मग मराठीवर येत. “आपण खोगीरभरती म्हणतो. ती भरती काढून नुसतं खोगीर घोड्यावर टाक आणि विचार घोड्याला.”

वाडीत बावखल होतं, पावसाचं पाणी साठवणारं, पायऱ्यांचं जुनं तळं. आजूबाजूला इमारती उठल्या, नळ आले, तसा त्यांचा मुलगा वसंत म्हणाला, “बाबा, घरात नळाचं पानी आलं. आता हे तुमचं पाचवं चाकच. बुजवू या, बिल्डिंग होईल.” सर बिल्डरच्या कागदावर सही देईनात. मी पेटून पत्रक लिहिलं, त्यात बावखलाचे उपयोग ठासून भरले. सरांनी ते शांतपणे वाचलं. “आणि उपयोग संपले की बुजवायचं?”

“सर, उपयोग न सांगता लिहिलं तर कोण ऐकेल?”

“तेच तर बघायचंय मला.”

मी चिडलो आणि माझंच छापलं.

पुढे सरांची उजवी बाजू गेली. वसंत त्यांना न्हाऊ घाली, भरवी. बावखल बुजवायचा हट्ट मात्र त्यानं सोडला नव्हता. शेवटच्या भेटीत तो त्यांना पेज भरवत होता. सर जड जिभेनं म्हणाले, “मी... पाचवं चाक झालो ना रे?”

“स्टेपनी,” वसंत म्हणाला. “आणि स्टेपनी बोलत नाय. गप जेवा.”

सर इतके हसले की पेज अंगावर सांडली.

सर गेल्यानंतर महिन्याभरानं वाडीवर गेलो. आता सही एकट्या वसंतच्या हातात होती. माझ्या पिशवीत नवं पत्रक आणि डोक्यात भांडण तयार होतं. वसंत बावखलाच्या पायरीवर, पाय पाण्यात सोडून बसला होता. मातीचे डंपर कधी येणार, मी विचारलं.

“नको सांगितलं त्यांना.”

“म्हणजे उपयोग पटले?”

“उपयोग नाय काय याचा. पण बाबा रोज इथं बसून बघत काय होते, ते कळायला पायजे ना.” चपला सरकवून त्यानं जागा केली. “बस. कागद राहू दे पिशवीत.”

मी बसलो. पाण्यावर केळीचं एक पान संथ फिरत होतं... बऱ्याच वेळानं मी विचारलं, “काही कळलं?”

“अजून नाय,” वसंत म्हणाला, आणि आणखी थोडा पुढे वाकला.