नकाशेवाल्यांची ड्राइव्ह

ऑफिसात त्यांना सगळे ‘पुसणाऱ्या मावशी’ म्हणत. कुणी नोकरी सोडली की त्याची बाहेरून जोडायची, फायली साठवायची एसएसडी ड्राइव्ह तळमजल्यावर त्यांच्याकडे येई. नुसतं डिलीट करून भागत नाही. ड्राइव्हलाच आतून सगळं पुसायचा हुकूम द्यावा लागतो, आणि मग ती खरंच कोरी झाली का, हे तपासावं लागतं. या कामात मावशींचा हात धरणारं कुणी नव्हतं.

एका सोमवारी नकाशेवाल्यांची, म्हणजे ऑफिसात नकाशे काढणाऱ्या सहकाऱ्यांची, ड्राइव्ह आली. ते आठवड्यापूर्वी अचानक वारले होते. अकरा वर्षं मावशी आणि ते समोरासमोर बसून डबा खात. बोलणं बेताचंच, पण दुसऱ्या कुणाबरोबर मावशी कधी जेवल्या नाहीत.

ड्राइव्हपाठोपाठ त्यांची बहीण आली. “दादाचे घरचे फोटो असतील तर मिळतील का?”

साहेबांना विचारून मावशींनी फोटोंचा फोल्डर उघडला. बहीण, भाचे, समुद्र, एक मांजर. मावशींचा एकही फोटो नव्हता.

“तुम्ही दादाला ओळखत होता?” बहिणीनं विचारलं.

“एकत्र जेवायचो आम्ही.”

“हो का? कधी बोलला नाही तो.”

“बोलायचे कमीच,” मावशी म्हणाल्या.

फोटो घेऊन बहीण गेली. मावशींनी हुकूम दिला. मिनिटभरात ड्राइव्ह पुसली गेली. एरवी त्या एकदाच तपासत. त्या दिवशी तीनदा तपासली. कुठेच काही उरलं नव्हतं. मग त्यांनी डबा काढला आणि तिथेच, ड्राइव्ह बाजूला सारून, जेवायला बसल्या.