अकरा नंबरच्या दाराबाहेर

माझं काम याद्या करण्याचं आहे. जुनी इमारत दुरुस्त करायची की पाडायची हे ठरण्याआधी आत काय टिकेल, काय गेलं, ते मी खोलीवार लिहून देते. बावीस वर्षं हेच करतेय. ज्या ज्या ‘झपाटलेल्या’ घरांत गेले तिथे उंदीर, सैल कड्या नाहीतर भांडणारे वारस निघाले. असे अनुभव सांगणाऱ्यांना मी तोंडावर हसलेली आहे. आता तुम्ही हसून घ्या...

जागा : पुण्याचा कॅम्प, मुख्य रस्त्यापासून दोन गल्ल्या आत. एक जुनं हॉटेल. खाली जेवणाचा हॉल, वर बारा खोल्या. स्वातंत्र्यानंतर दोन-तीन वर्षांत नफिसाभाभींच्या सासऱ्यांनी बांधलेलं. घोड्यांच्या रेसच्या दिवसांत इथे खोली मिळायची नाही म्हणे. आता कित्येक वर्षं बंद. भाभींना ते पुन्हा चालू करायचं होतं, त्यांचे दीर इक्बालभाई यांना जागा बिल्डरला द्यायची होती. शेवटी ठरलं ते असं – शुक्रवारी साडेचारला माझी यादी दोघांसमोर ठेवायची. इमारत धड असेल तर हॉटेल, नसेल तर बिल्डर.

“वर्षाताई, खोटं काही लिहू नका,” भाभी म्हणाल्या होत्या. “पण खरं लिहिताना जरा नीट बघा.”

शुक्रवारी दुपारी एकला फक्त अकरा आणि बारा नंबर राहिले होते. वॉचमन रामभाऊ लोणी काळभोरचे. “जेवून येतो बाई. चारला हाय मी हितं,” म्हणत ते गेटला बाहेरून कुलूप लावून गेले. कुलपाचा आग्रह माझाच. उघडं गेट दिसलं की लोक फोटो काढायला आत शिरतात.

माझी पद्धत अशी – प्रत्येक दाराच्या पितळी मुठी काढायच्या, चिठ्ठी बांधायची, ट्रेमध्ये ठेवायच्या. बंद इमारतीत पहिलं पितळच चोरीला जातं. दोन मुठींच्या मधून एक चौकोनी दांडी जाते. ती फिरली की खिट्टी सरकते. अकरा नंबरची बाहेरची मूठ मी दांडीसकट ओढून काढली, चिठ्ठी बांधून ट्रेमध्ये ठेवली, आतली मूठ काढायला आत गेले... आणि वाऱ्याने दार आपटलं. खिट्टी बसली.

दांडी बाहेर. स्क्रूड्रायव्हर बाहेर. मोबाइल बाहेर. आत मी, वही, टॉर्च आणि एक निरुपयोगी मूठ.

खोलीची खिडकी शेजारच्या इमारतीने केव्हाच विटांनी बुजवलेली. दांडीच्या भोकात पेन्सिल घालून फिरवली, ती तुटली. ओरडले, दारावर लाथा मारल्या. दुपारी एक ते चार पुण्यात कोण ऐकणार? टॉर्च पिवळा पडत गेला. हवा जड वाटायला लागली. भिंती जवळ येतात असं लोक म्हणतात ते खोटं आहे, भिंती तिथेच असतात, आपणच आक्रसत जातो. बाहेर मोबाइल तीनदा वाजून बंद पडला. भाभी असणार. मी दाराला टेकून बसले आणि, खरं सांगते, रडले.

तेव्हा खोल्यांबाहेरच्या बोळातून पावलं आली. संथ, चपलांची.

“काय हवंय?” पुरुषाचा आवाज. वैतागलेला.

“अहो, दार उघडा! मी अडकलेय!”

“दार उघडणं माझं काम नाही. चहा हवा असेल तर सांगा.”

भोकातून पाहिलं. एक पांढरी बाही, कफ रफू केलेला. बाकी काही दिसेना.

“ट्रेमध्ये मूठ आहे, दांडी लावलेली. ती या भोकात घाला.”

“पाहुण्यांनी हॉटेलच्या सामानाला हात लावायचा नसतो.”

“मी पाहुणी नाही!”

“मग खोलीत काय करताय?”

मी यादीचं सांगितलं, साडेचारचं सांगितलं, वेळेत गेले नाही तर हे सगळं पाडतील म्हणून सांगितलं.

“सात नंबरचं काय लिहिलंत?”

“तुळई कुजलीय. छप्पर धोक्याचं.” ही एकच ओळ हॉटेल पाडायला पुरेशी होती.

“टोचून पाहिलीत?”

नव्हती पाहिली. शिडी नव्हती, खालून काळा डाग दिसला, लिहून टाकलं. माझ्यासारख्या बाईने!

“डाग टाकीच्या पाइपचा आहे. पाइप कपाटामागे. कपाट सरकवायचे कष्ट घ्या. आधी ती ओळ खोडा.”

“बघितल्याशिवाय मी काही खोडत नाही,” मी म्हणाले. त्या अवस्थेतही म्हणाले. “बाहेर काढा, बघते. तुळई कुजकी निघाली तर ओळ तशीच राहील.”

“बघाल?”

“बघेन.”

भोकात धातू घासला. खिट्टी सरकली. मी दार ओढलं... बोळ रिकामा. बाहेरची मूठ दांडीसकट दारात बसलेली, तिला माझ्या अक्षरातली चिठ्ठी तशीच लोंबत होती. खाली धावले. गेटला बाहेरून कुलूप.

रामभाऊ चारला आले. दोघांनी मिळून सातचं कपाट सरकवलं. मागे गंजलेला, फुटलेला पाइप होता. रामभाऊंनी कुठूनशी शिडी आणली. तुळईत स्क्रूड्रायव्हर खुपसला, तो टोकाएवढाही आत गेला नाही.

“काल फोनवर तर छप्पर गेलं म्हणालात,” साडेचारला यादी बघून इक्बालभाई म्हणाले.

“काल खालून बघितलं होतं. आज टोचून बघितलं.”

त्यांनी स्वतःचा इंजिनिअर आणून खात्री केली, मगच हॉटेलच्या कागदांवर सही केली. दुरुस्ती आता सुरू आहे.

शक्य असलेली कारणं मी लिहून काढली होती. गेटची दुसरी किल्ली : नाही. मागचं दार : विटांनी बंद. घाबरून झालेला भास : मग मूठ कोणी बसवली? आणि पाइप? एकेक खोडत गेले, कागद संपला.

भाभींना मी हे बऱ्याच दिवसांनी सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, “आवाज चिडका होता?”

“हो. फारच.”

“मग कोण ते नाही सांगता यायचं, ताई. सासऱ्यांनी ठेवलेले वेटर सगळेच तसे होते.”