मामांचा उलटा प्रश्न

एका उत्तरावर समाधान मानणारा माणूस जगात असू शकतो, हेच आमच्या मामांना पटत नाही. मामा म्हणजे माझ्या जावेचे थोरले भाऊ. मुलं त्यांना मामा म्हणतात म्हणून आम्ही म्हणतो, आणि आम्ही म्हणतो म्हणून सगळी बिल्डिंग म्हणते. त्यांची सारी नोकरी मनमाडला मालगाडीचे डबे मोजण्यात गेली. गाडीला जोडलेले डबे मोजायचे, मग यार्डात मागे उरलेले मोजायचे, आणि दोन्हींची बेरीज जुळली तरच चहाला तोंड लावायचं. निवृत्त होऊन नाशिकला आमच्या खालच्या मजल्यावर राहायला आले तेव्हा डबे मनमाडला राहिले, पण मोजणी बरोबर आली. "जेवलं कोण?" असं विचारून ते थांबत नाहीत, पाठोपाठ "राहिलं कोण?" हा उलटा प्रश्न येतोच. भाजीवाल्या मावशीला "ताजी मेथी किती जुड्या?" विचारून झालं की "शिळी किती?" विचारतात. मावशी म्हणते, "शिळी तुमच्यासाठीच राखून ठेवलीय, मामा." मामा तीही मोजतात. माझ्या पुतणीच्या लग्नात त्यांनी सगळं वऱ्हाड असं मोजलं. जेवलेले अधिक न जेवलेले, बेरीज एकानं कमी. लोक हसले. तासाभरानं नवऱ्या मुलाचे काका बसच्या मागच्या सीटवर घोरताना सापडले. मामांनी त्यांचं ताट स्वतः वाढलं आणि हसणाऱ्यांकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

साठी उलटल्यावर हा माणूस मोबाइलची ॲप बनवायला शिकला. मोबाइलला ते अहो-जाहो करतात. "जरा बघता का?" म्हणून बटण दाबतात. जाऊबाई चिडवतात, "दादा, वहिनीशी कधी इतकं गोड बोलला नाहीत!" त्यावर मामा शांतपणे म्हणतात, "ती उलट उत्तर देते. हे नुसतं चुकीचं देतात." बिल्डिंगखाली रक्तदानाचं शिबिर झालं तेव्हा त्यांनी आसपासच्या सगळ्यांचं एक ॲप केलं. नाव, रक्तगट, आणि शेवटचं रक्त कधी दिलं ती तारीख, कारण एकदा दिलं की पुन्हा द्यायला चार महिने थांबावं लागतं. गट निवडून बटण दाबलं की आज रक्त देऊ शकणारी माणसं समोर यावीत. त्या शिबिरात जाऊबाईंनी मलाही ओढत नेलं होतं. बोटाला सुई टोचून डॉक्टरांनी गट सांगितला, ओ निगेटिव्ह, फार थोड्यांचा असतो म्हणाले. मग मी शेजारच्या खाटेवर भरत आलेली पिशवी बघितली आणि मागच्या जिन्यानं घरी आले. दुसऱ्या दिवशी मामा मोबाइल घेऊन दारात. मी म्हटलं, "मामा, मी नाही दिलं. पळून आले." ते म्हणाले, "मग तारखेची जागा कोरी ठेवू. नाव तर असू द्या, ताई. भीती काय माणसाला कायमची चिकटलेली नसते."

त्या उन्हाळ्यात आम्ही बायका सकाळी गच्चीवर उडदाचे पापड लाटत होतो. समोरच्या काकूंची सून बाळंत झाली होती, बाळ ठीक होतं, पण तिचं रक्त थांबत नव्हतं. ओ निगेटिव्हच्या दोन पिशव्या मिळाल्या होत्या, आणखी एक तातडीनं हवी होती. काकूंच्या मुलानं दवाखान्यातून ॲपचं बटण दाबलं, तर उत्तर आलं, कोणीही नाही. त्यानं मामांना फोन केला. थोड्या वेळानं मामा गच्चीवर आले, एका पायात चप्पल, दुसऱ्यात काही नाही.

"दादा, एवढं मोजून ऐन वेळी हे!" जाऊबाई म्हणाल्या.

"थांब गं. मी उलटं विचारलं. या गटाचे चार महिन्यांच्या आत दिलेले किती? दोन. मुदत उलटलेले किती? शून्य. आणि गटात नावं आहेत तीन. एक डबा गेला कुठं?" मग ते माझ्याकडे वळले. "ताई, यादीत तुम्ही आहात आणि उत्तरात कुठंच नाही."

मामा सगळ्यांना म्हणाले, "रक्त देऊन चार महिने झाले त्यांनी हात वर करा." दोन हात वर गेले. "झाले नाहीत त्यांनी." एक हात. आम्ही बाकीच्या सहा जणी पिठाचे हात मांडीवर घेऊन बसलेल्या. कधी दिलंच नाही, तर चार महिने झाले म्हणायचे की नाही?

मामांनी कपाळावर हात मारला. "यांचं काही चुकलं नाही," मोबाइलकडे बोट दाखवून ते म्हणाले. "प्रश्नच माझा अपुरा. तारीख कोरी, ते माणूस ना इकडे ना तिकडे. अशी किती माणसं मी घालवली!" लॅपटॉप मागवून तिथेच पापडांच्या चादरीच्या कडेला ते बसले. ज्यांची जागा कोरी तेही आज देऊ शकणारे, एवढी भर त्यांनी प्रश्नात घातली. "आता बघता का?" म्हणून बटण दाबलं. माझं नाव आलं. मोबाइलवर माझं नाव मी पहिल्यांदाच वाचत होते.

"नाव दिसतंय म्हणून यायलाच हवं असं नाही," मामा हळू म्हणाले. "नाही म्हणालात तरी माझी बेरीज जुळते."

मामांनी असं म्हटलं नसतं तर मी मागचा जिना गाठला असता. मी हात धुतले आणि त्यांच्या स्कूटरवर बसले. रक्तपेढीत मामा नर्सबाईंना म्हणाले, "किती घेणार? आणि किती शिल्लक ठेवणार?" नर्सबाई हसल्या, मीही हसले, आणि तेवढ्यात सुई आत गेलेली होती. संध्याकाळी काकूंचा फोन आला, सून शुद्धीवर आहे, चहा मागतेय. मामांनी आधी माझ्या कोऱ्या जागेत तारीख भरली, मग स्वतःचा चहा घेतला.

आता त्यांचे गुडघे धरलेत, म्हणून ते मनमाडला लेकीकडे राहायला गेलेत. काकूंची नात जिना चढायला लागली आहे. मी चौथी शिकलेली, बाहेर चार माणसांत माझं तोंड उघडत नाही, लोक विचारतात त्या प्रश्नांत मी सहसा बसत नाही. परवा हळदीकुंकवाला कुणी तरी विचारलं, "चहा कोणाकोणाला?" हात वर झाले, कप मोजले गेले. मी दुसऱ्या प्रश्नाची वाट बघत राहिले. तो आला नाही. मग माझं मलाच नवल वाटलं, मीच विचारलं, "राहिलं कोण?" कोपऱ्यात बसलेल्या एका नव्या सुनेनं वर पाहिलं.