ग्वाल्हेरचा अर्धा तास

सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर नोएडाच्या सुधन्वा गर्देनं बायको अहिल्येला घेऊन गाडीनं इंदूरपर्यंत जायचं ठरवलं. आग्र्याचा पेठा घेऊन दोघं ग्वाल्हेरला लतामावशीकडे उतरले. आई गेल्यावर सुधन्वाला वाढवलं ते याच मावशीनं.

“निवांत बस. तुझ्या आईचं एक सांगायचं राहिलंय,” पोळी वाढताना ती म्हणाली.

पण सुधन्वाला किल्ला बंद व्हायच्या आत बघायचा होता. “येताना दोन दिवस राहतो, मावशी, तेव्हा ऐकतो,” म्हणत तो अर्ध्या तासात उठला. अहिल्येनं डोळ्यांनी खुणावलं, त्यानं न पाहिल्यासारखं केलं.

चौथ्या दिवशी इंदुरात चुलतभावाकडे पोहे-जिलबी खाताना फोन आला. मावशीला अर्धांगवायूचा झटका आला होता. दोघं तडक परतले. मावशी वाचली, पण तिची वाचा गेली. सुधन्वानं आईचं नाव काढलं, की ती त्याचा हात घट्ट धरायची, ओठ हलवायची. शब्द काही उमटत नसे.

आता तो दर महिन्याला तिच्याकडे जातो, तिला घास भरवतो. अहिल्या त्याला कधी बोल लावत नाही. त्याचंच मन त्याला खातं.