जावईबापूंची चौकशी

शकुंतलाबाई गांगुर्डे यांना अनोळखी माणूस अनोळखी राहू द्यायला जमायचंच नाही. गॅसवाल्यालाही मूळ गाव आणि मामाचं आडनाव सांगितल्याशिवाय सुटका नसे. द्वारका चौकाजवळच्या त्यांच्या कॉलनीत या सवयीला सगळे हसत.

२००८ साली एका दुपारी शेजारच्या मीना पगारे धापा टाकत आल्या. त्यांच्या मुलीला, तेजलला, लग्नाच्या वेबसाइटवर लंडनचा डॉक्टर मिळाला होता, मूळचा देवळ्याचा साळवे. तो भेटायला निघाला आणि सोन्याच्या दागिन्यांसकट म्हणे दिल्ली विमानतळावर कस्टममध्ये अडकला. सोडवायला आजच साठ हजार भरायचे होते. मीनाताई एफडी मोडायला निघाल्या होत्या.

"मोड गं, पण सोयरीक करायची तर आधी मला बोलू दे," म्हणत शकुंतलाबाईंनी त्या डॉक्टरला फोन लावला. "जावईबापू, देवळ्यात घर कुठं?"

"मेन मार्केट, आंटी."

"मामांचं आडनाव काय?"

"मामा... साळवे."

"अगं बाई! वडीलही साळवे, मामाही साळवे? बरं, आत्या कुठं दिली?"

"आंटी, पैसे कधी भरता?"

"भरतो रे. मावशा किती?"

फोन कट झाला.

मीनाताई ओरडल्या, "गेलं ना स्थळ!"

"ज्याला आईचं माहेर सांगता येईना, तो कसला डॉक्टर आणि कसलं स्थळ? चोर आहे मेला!"

आईमागोमाग येऊन दारात उभ्या राहिलेल्या तेजलला हसू आवरेना. "आई, एफडी वाचली. आता चहा ठेव. शकुंतलामावशी त्याला परत फोन लावतेय, आत्या कुठं दिली ते राहिलंय ना!"