स्नेह कमी

प्रयोगशाळेतल्या उंदरांना जेवू घालणाऱ्या माणसाला सगळे मामा म्हणत. उंदीर तेवढे म्हणत नसत, पण भाच्यांचे लाड व्हावेत तसे त्यांचेच होत. पिठात तेल मळून गोळ्या करायच्या, पिंजऱ्यात टाकायच्या आणि वर चौकशी करायची, "काय रे लांबशेपट्या, आज तोंड का वाकडं?"

मामांच्या साहेब म्हणजे बाई. तापाच्या एका औषधाचा मोठा डोस लिव्हरला इजा करतो, हे त्यांना ठाऊक होतं. जेवणातल्या तेलाने ती इजा वाढते की घटते, हे बघायचं होतं. तीन आठवडे हिरव्या पिंजऱ्यांत नेहमीचं खाणं, पिवळ्यांत कमी तेलाचं, मग सगळ्यांना डोस. बाईंना शुद्ध मराठीचा भारी सोस. दारावर त्यांनी चिठ्ठी लावली: 'पिवळ्या पिंजऱ्यांना स्नेह कमी.'

मामांचा चेहरा पडला. आपल्या गप्पा बाईंच्या कानावर गेल्या तर! पण हुकूम तो हुकूम. खाणं सगळ्यांना एकच, पिवळ्यांशी मात्र अबोला.

"भांडण झालं का?" घरी हे ऐकून बायकोने विचारलं.

"वरून आदेश आलाय."

"मग माझ्याशी बोला. मीही पिंजऱ्यातलीच."

डोसच्या दिवशी बाईंनी सुया भरल्या आणि तक्ता मामांपुढे सरकवला. त्यात रकाना होता: 'स्नेह, ग्रॅम.'

ग्रॅम वाचताच मामांच्या डोक्यात प्रकाश पडला: बाईंचा स्नेह म्हणजे तेल. काहीतरी आकडा लिहिला असता तर कुणाला कळणार होतं? लिव्हरं तपासली गेली असती, तेलाने काही फरक पडत नाही असं छापून आलं असतं आणि लोकांनी ते खरं मानलं असतं. बाईंनी पहिला उंदीर हातात घेतला.

"बाई, थांबा. तेल सगळ्यांना सारखंच गेलंय. मी फक्त माया आवरली."

बाईंनी उंदीर पिंजऱ्यात ठेवला, दारावरची चिठ्ठी फाडली आणि नवी लिहिली: 'तेल कमी.'

"तीन आठवडे पुन्हा, मामा."

"हो. आणि आता बोललं तर चालेल का यांच्याशी?"

"बोला. पण हिरव्यांशी जेवढं, तेवढंच."

मामा पिवळ्या पिंजऱ्यांपाशी गेले. बोलायचं पुष्कळ साचलं होतं. पण तीन आठवड्यांनी डोस यायचाच होता, दोन्हीकडे.

"जेवा रे," एवढंच ते म्हणाले, आणि हिरव्यांकडे जाऊन तेवढंच म्हणाले.